एका सामन्याचा हंगाम आणि मधली पट्टी

जुना हाफबॅक
परवा 'खरं तेच बोलतो' यांनी आपल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमवर चार ओळी टाकल्या. "यंदाही पाच गोल खाऊन आले. बचावातला स्टॉपर नुसता खांब. जिमखान्याचा पैसा पाण्यात. फुटबॉल कोल्हापूरला सोडा, सांगलीनं कबड्डी खेळावी." खाली सगळे दात काढून मोकळे. मी दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

हंगाम कसला म्हणताय राव? झोनलला, म्हणजे विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेला, पहिल्या फेरीत बाय. दुसऱ्या फेरीत समोरची टीम आलीच नाही, वॉकओव्हर. तिसऱ्या दिवशी सेमीफायनल, ०-५, घरी. म्हणजे चेंडूला पाय न लावता उपांत्य फेरी आणि पाय लावल्यावर बाहेर. (नोटीस बोर्डावर 'उपांत्य फेरीत धडक' लिहिलंय. धडक कुणाला दिली ते लिहिलेलं नाही.) नॉकआऊट आहे, एक दुपार वाईट गेली की वर्ष गेलं. पावसाळाभर मैदानात काळ्या मातीचा चिखल, तो वाळेपर्यंत ड्रॉ लागलेला, आणि त्याच्या मागोमाग सेमिस्टर.

मी सामना बघायला गेलो होतो. पोरं पळत होती. पण मधल्या फळीतला एकही गडी घसरून टॅकल करत नव्हता. चेंडू दोन हातांवर, तरी उभ्या-उभ्या पाय लांबवायचा, की गेलाच पुढे. कारण मला माहितीये. आपल्या मैदानाच्या बरोब्बर मध्यावर क्रिकेटची सिमेंटची पट्टी आहे. तिथं एकदा घसरलात की गुडघ्याची साल पट्टीवर. तीन वर्षं तिथं सराव केलेलं पोर हिरवळीवरसुद्धा घसरत नाही. सामना दुसऱ्याच मैदानावर होता, पण पोरांच्या गुडघ्यात आपलीच पट्टी होती.

खरं तेच बोलतो
पाच गोलांचं खापर सिमेंटवर! पुढच्या वर्षी काय, वारा उलटा होता?
विद्यापीठ एकच, वेळापत्रक तेच, पाऊस तर कोल्हापूरला आपल्यापेक्षा जास्त. मग त्यांची पोरं कशी खेळतात? २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताच्या टीममध्ये अनिकेत जाधव होता. कुठला? कोल्हापूरचा. आपण कारणं द्यायची आणि भडंग खायचं.

कोल्हापूर रिटर्न
पाच वर्षं शिवाजी पेठेत खोली करून राहिलोय, म्हणून बोलतो. तिथलं पोर कॉलेजात फुटबॉल शिकत नाही. ते तालमीचं, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल क्लबचं असतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब. कॉलेजला ते आयतं मिळतं. शाहू स्टेडियमवर सामना असला की आमचा मेसवाला संध्याकाळचं जेवण उशिरा द्यायचा आणि हरले तर आमटीत मीठ नसायचं. त्या पोराचा हंगाम महिनोन्‌महिने चालतो, झोनल ही त्यातली एक दुपार. तुमच्या पोराचा सगळा हंगामच ती दुपार. तुलना करायची तर नीट करा.

चढाई
फुटबॉलवाल्यांचं रडगाणं दरवर्षीचं आहे. कबड्डीला फार तर १३ बाय १० मीटर जागा लागते, बारा पोरांत संघ होतो. आम्ही मुली सकाळी सहाला स्वतः मैदान झाडून, पाणी मारून खेळायचो. पुढे सगळे सामने मॅटवर व्हायला लागले. मॅट मागितली तर "बजेट नाही", आणि त्याच वर्षी फुटबॉलला अठरा जोड बूट. मी मातीवर शिकले आणि इंटरझोनलला मॅटवर पाय घसरून पकडीत गेले. माझ्यावर कुणी एवढं लांब लिहिलं नाही.

जुना हाफबॅक
ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण तुम्ही माझंच बोलताय. ज्यावर शिकलो ते एक, ज्यावर खेळलो ते दुसरं.

चढाई
असेल. बूट मात्र अठराच होते.

मॅटिंगवाला
आता पट्टीवर आलात म्हणून मला बोलावं लागतंय. ती पट्टी आमच्या बॅचनं वर्गणी काढून घातली. सिमेंटची पोती सायकलवरून आणलीत. तेव्हा या मैदानावर फुटबॉलच्या नावानं दोन बांबू होते, त्यातला एक वाकडा. सांगली ही विजय हजारेंची. १९५२ ला मद्रासला इंग्लंडला हरवून भारतानं पहिली कसोटी जिंकली, कप्तान कोण होता विचारा घरात. आज स्मृती मानधना कुठली आहे? पट्टी काढा म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

जुना हाफबॅक
हजारेंना मध्ये आणू नका, त्यांनी सेंटर सर्कलमध्ये सिमेंट ओतलं नव्हतं. नंदू नाटेकरही सांगलीतच जन्मले, म्हणून मैदानात मधोमध बॅडमिंटनची जाळी बांधायची का?

साधा हिशोब करा. सेंटर सर्कलचा व्यास १८.३० मीटर. तुमची पट्टी बावीस यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. वर्तुळात मावत नाही, दोन्हीकडून बाहेर येते. किकऑफलाच चेंडू सिमेंटवर ठेवावा लागतो.

मॅटिंगवाला
पट्टी आधीची आहे. तुम्ही तुमचं वर्तुळ सरकवा की.

मिरजकर
वर्तुळ सरकवा 😂 मग गोलपोस्ट कुठं न्यायचे, अंकलीला?
तुम्हा सांगलीवाल्यांचं असंच. आमच्या मिरजेत पोरं गल्लीत दोन विटा ठेवून खेळतात, मैदान मागत नाहीत.

खरं तेच बोलतो
मिरजेचा विषय कुणी काढला? मिरजकर दिसेल तिथं मिरज.

सोळा नंबर
मी यंदाच्या टीममध्ये होतो. नाव सांगत नाही, टीवायला आहे. पट्टीपेक्षा खिळ्यांचं बोला. क्रिकेटवाले पट्टीवर मॅट अंथरतात, ती ताणायला कडेनं मातीत ठोकलेले लोखंडी खिळे असतात. मॅट गुंडाळून नेतात, खिळे तसेच. पाऊस पडला की चिखलात बुडतात, दिसत नाहीत. ऑगस्टमध्ये आमच्या स्टॉपरच्या बुटाच्या तळातून एक वर आला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधून गेला म्हणून वाचला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन तो दुसऱ्या दिवशी परत आला. सेमीला तोच होता. तिसरा गोल त्याच्या डोक्यावरून गेला म्हणून 'खरं तेच' साहेबांनी त्याला 'खांब' म्हटलंय.

आणि हो, पहिल्या हाफला ०-१ होतं. तेवढं कुणी लिहिलं नाही.

खरं तेच बोलतो
मला खिळ्याचं माहीत नव्हतं. 'खांब' शब्द मागे घेतो. पाच गोल मागे घेता येत नाहीत.

गोलकीपरची आई
मी इथं कधी लिहीत नाही. पाचही गोल माझ्या मुलानं खाल्ले. घरी आल्यावर जेवला नाही, हातमोजे बादलीत भिजत घालून झोपला. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सची इंटर्नल होती, ती दिली. त्याला कुणी खेळाच्या जोरावर नोकरी देणार नाही हे आम्हाला कळतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण तिथवर जायला पदक लागतं, बाय नाही. तरी तो पहाटे साडेपाचला जातो. त्याला जाऊ द्या एवढंच म्हणणं आहे. पैसा पाण्यात म्हणता, तर हातमोजे आम्हीच घेतलेत.

कोल्हापूर रिटर्न
काकू, यावर बोलायला काही ठेवलं नाहीत.

मॅटिंगवाला
काकूंबद्दल आदर आहे. पण खिळ्यांचा आरोप सरसकट क्रिकेटवाल्यांवर नको. आमच्या वेळी खिळे मोजून पिशवीत भरायचो. पिशवी पॅव्हेलियनच्या खुंटीला. हल्लीची पोरं काय करतात मला माहीत नाही.

सोळा नंबर
काका, पिशवी अजून खुंटीलाच आहे. रिकामी.

मॅटिंगवाला
…बरं.

जुना हाफबॅक
पट्टी उखडा असं मी आजही म्हणणार. पण तोवर फुटबॉलच्या महिन्यांत तिच्यावर चार बोटं लाल माती टाकून रोलर फिरवला तरी चालेल. डिसेंबरात खरवडून काढा, मॅट टाका, खेळा तुमचं.

मॅटिंगवाला
माती टाकली की पाणी मुरतं, सिमेंटला भेगा जातात. दुरुस्तीला तुम्ही पैसे देणार? आणि पहिल्या पावसात ती माती राहील असं वाटतं तुम्हाला?

चढाई
लाल माती आणाच. अर्धी ट्रॉली आमच्या कोपऱ्यात टाका. मॅट काय मिळत नाही.

मिरजकर
ट्रॉली मिरजेहून मिळेल. स्वस्त. बोला.

खरं तेच बोलतो
माझी पोस्ट टीमच्या कामगिरीवर होती. आता ट्रॅक्टरचं भाडं ठरतंय.

मॅटिंगवाला
माती-बिती बघू पुढे. रविवारी सकाळी सातला मी मैदानावर येतो. चुंबक आहे माझ्याकडे वर्कशॉपमधला, मोठा, दोरीला बांधून ओढला की खिळे वर येतात. पण मी एकटा ओढणार नाही, गुडघे गेलेत. सोळा नंबर, चार पोरं घेऊन ये. आणि टेपही आण, ते २०.१२ मला कुणी शिकवू नये.

सोळा नंबर
येतो काका. पिशवी घेऊन ठेवतो.