मदत हवी आहे: 'प्रोझोदेझ्दा' या रशियन शब्दाला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

रशियन चित्रकार आणि डिझायनर वार्वारा स्तेपानोवा (१८९४-१९५८) हिच्यावर मराठीत दहा मिनिटं बोलायचंय, समोर फॅशन डिझाईनची मुलं. चरित्र जमलंय : कझानच्या कलाशाळेत चित्रकार अलेक्झांडर रोदचेन्कोशी ओळख, पुढे दोघांचा मॉस्कोतला संसार आणि कन्स्ट्रक्टिव्हिझम (कला रोजच्या वापराच्या वस्तूंत उतरावी असं मानणारी चळवळ), मग १९२३-२४ मध्ये चित्रकार ल्युबोव पोपोवासोबत सरकारी छापील कापडाच्या कारखान्यात काम. वेली-फुलांच्या जागी वर्तुळं, पट्टे, त्रिकोण!

अडलंय ते तिच्या १९२३ च्या 'लेफ' या डाव्या कलावंतांच्या मासिकातल्या लेखापाशी. तिचं म्हणणं असं की कपडा कामावरून ठरावा, नक्षीवरून नाही. शिवण, बटणं, खिसे लपवायचे नाहीत, तीच त्याची शोभा. अशा कपड्याला ती 'प्रोझोदेझ्दा' म्हणते, आणि खेळाडूंच्या कपड्यांचा वेगळा विचार करते.

'गणवेश' म्हटलं की मुलांना शाळा आठवणार. 'कामाचे कपडे' म्हणजे आपल्याकडे जुने, मळले तरी चालतील असे. इथे तर उलट, प्रत्येक धंद्यासाठी मुद्दाम आखलेला कपडा. 'व्यवसायवेश' सुचलाय, पण फार सरकारी वाटतो.

कुणाला बोलीतला सुटसुटीत शब्द सुचतोय का? की मूळ रशियन शब्दच ठेवून एकदा समजावून सांगू? शिवणकाम किंवा कारखान्यात काम केलेल्यांनी जरूर सांगा, तुमच्याकडे अंगावरच्या अशा कपड्याला काय म्हणतात? आणखी एक : रोदचेन्कोचा तो खिशा-खिशांचा सूट, त्याने आखलेला आणि हिने शिवलेला, त्याचा फोटो सुरुवातीला दाखवू की शेवटी?