गैरहजर फायरमनला बडतर्फ करायचे आहे: विभागीय चौकशी टाळता येते का?

आस्थापना_लिपिक
नमस्कार. महापालिकेच्या अग्निशमन दलातील एक कायम फायरमन सात महिने विनापरवानगी गैरहजर आहे. त्याआधी एकदा वर्दीच्या (आगीची सूचना आल्याच्या) वेळी गाडीत बसायला नकार दिल्याची केंद्र अधिकाऱ्यांची नोंद आहे. घरच्या पत्त्यावरच्या दोन नोटिसा परत आल्या. वरिष्ठ म्हणतात, वृत्तपत्रात सात दिवसांची नोटीस द्या आणि रुजू न झाल्यास ‘नोकरी सोडून गेला’ असे धरून नाव पटावरून कमी करा. हे टिकेल का? राज्यघटनेचा अनुच्छेद 311 (सरकारी नोकरांना बडतर्फीपासूनचे संरक्षण) लागू होतो का?

निवृत्त_चौकशी_अधिकारी
टिकणार नाही. 311 केंद्र आणि राज्याच्या नागरी सेवेसाठी आहे, महापालिका कर्मचारी त्यात येत नाहीत. पण तुम्हाला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 56 बांधते (मुंबईचा 1888 चा अधिनियम वेगळा). बडतर्फीपूर्वी कारण दाखवण्याची वाजवी संधी द्यायची हे त्यातच लिहिले आहे. पद्धतीसाठी तुमच्या सेवानियमांत महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 स्वीकारले आहेत का ते पाहा. असतील तर मोठ्या शिक्षेसाठी नियम 8 ची चौकशी करावीच लागेल.

दोषारोपपत्राला चार जोडपत्रे लागतात: दोषारोप, गैरवर्तणुकीचे विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. मसुदा शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने (शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्याने) स्वतः मंजूर केल्याची सही नस्तीत (फाइलमध्ये) हवी. चौकशी सुरू करायला मान्यता दिली, पण दोषारोपपत्र मंजूर केलेच नाही, एवढ्यावर बी. व्ही. गोपीनाथ प्रकरणात (2013) सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपपत्र रद्द ठरवले. आयुक्तांनी अधिकार खाली सोपवले असतील तर त्या आदेशाची प्रतही लावा.

गैरहजेरी आणि वर्दीचा नकार हे दोन स्वतंत्र दोषारोप करा. पहिल्यात नुसते ‘विनापरवानगी गैरहजर’ लिहून भागत नाही. गैरहजेरी जाणीवपूर्वक होती हे सिद्ध व्हावे लागते (सर्वोच्च न्यायालय, कृष्णकांत परमार प्रकरण, 2012). तो आजारपणाचे प्रमाणपत्र घेऊन आला, तर ते खोटे ठरवण्याची घाई न करता वैद्यकीय मंडळाकडे पाठवा.

कामगार_वकील
वरील उत्तराला जोड. माणूस सापडत नाही म्हणून एकतर्फी चौकशी करता येते, पण एकतर्फी म्हणजे पुराव्याविना नव्हे. बहुतेक प्रकरणे इथेच कोसळतात. सादरकर्ता अधिकारी (प्रशासनाची बाजू मांडणारा) येतो, नोंदवहीची झेरॉक्स जोडतो आणि चौकशी अधिकारी त्याच दिवशी अहवाल लिहून मोकळा होतो. कर्मचारी हजर नसला तरी साक्षीदार तपासून पुरावा नोंदवावाच लागतो (सरोजकुमार सिन्हा, 2010), आणि कागद केवळ सादर झाला म्हणून सिद्ध होत नाही (रूपसिंग नेगी, 2009).

तुमच्या प्रकरणात हजेरीपट लिहिणाऱ्याला, वर्दीची नोंद घेणाऱ्या नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्याला आणि त्या पाळीच्या केंद्र अधिकाऱ्याला मूळ वह्यांसह बोलवा. त्या गाडीच्या लॉगबुकमध्ये कोण बसून गेले याची नोंद असेल तर तीही आणा. वर्दीचा नकार त्यावरच उभा राहील. केंद्र अधिकाऱ्याचा नंतर लिहिलेला अहवाल एकटा पुरणार नाही.

परत आलेली पाकिटे फोडू नका. पोस्टाच्या शेऱ्यासह तशीच नस्तीत ठेवा. सेवापुस्तकातल्या शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर पोचदेय स्पीड पोस्ट (नोंदणी टपाल 2025 मध्ये त्यात विलीन झाले), राहत्या घरी पंचनाम्याने डकवणे आणि मगच वृत्तपत्र, असा क्रम ठेवा. वृत्तपत्रातली नोटीस फक्त बजावणीसाठी असते, तिने चौकशीची जागा भरून निघत नाही.

आस्थापना_लिपिक
आभार. त्याला पूर्वी दिलेल्या तीन ज्ञापनांचा (मेमोंचा) उल्लेख अंतिम आदेशात करता येईल का? आणि अहवाल आल्यावर थेट आदेश काढायचा का?

निवृत्त_चौकशी_अधिकारी
ज्ञापने शिक्षेच्या मापात धरायची असतील तर ती आधी त्याला कळवा, शक्यतो दोषारोपपत्रातच. आदेशात अचानक आली की आदेश दुबळा होतो.

थेट आदेश नको. आधी चौकशी अहवालाची प्रत देऊन म्हणणे मागवा. करुणाकर प्रकरणापासून (1993) हे ठरलेले आहे. चौकशी अधिकाऱ्याने एखादा दोषारोप ‘सिद्ध नाही’ म्हटला आणि आयुक्तांना ते पटले नाही, तर असहमतीची कारणेही सोबत कळवावी लागतात. कलम 56 मध्ये शिक्षेविरुद्ध कारण दाखवण्याची भाषा असल्याने प्रस्तावित शिक्षेची नोटीसही द्याच, तीत ‘प्रस्तावित’ हा शब्द ठेवून. निर्णय आधीच झाल्यासारखी नोटीस मी तरी कधी मान्य करणार नाही.

अंतिम आदेशात त्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर लिहा. ‘खुलासा समाधानकारक नाही’ या एका ओळीने भागत नाही.

कामगार_वकील
आणखी एक. नागपूर महापालिका प्रकरणात (1960) सर्वोच्च न्यायालयाने अग्निशमन विभाग ‘उद्योग’ ठरवला आहे. म्हणून फायरमन उच्च न्यायालयाऐवजी कामगार न्यायालयात जाऊ शकतो. 1971 च्या अनुचित कामगार प्रथा अधिनियमाखाली तक्रारीची मुदत 90 दिवस आहे आणि सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो. चौकशी सदोष ठरली तर महापालिकेला तिथे नव्याने पुरावा द्यायची संधी मागता येते, पण ती मागणी आपल्या लेखी जबाबातच करून ठेवा.