पुरावर तीन हजार कोटी कशाला, म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

कृष्णाकाठची
चार दिवस झाले, एक पोस्ट सगळीकडं फिरतेय. "हवामान बदल हे ठेकेदारांचं नवं कुरण आहे. पूर आजोबांच्या काळातही येत होते, लोक माळ्यावर बसून दिवस काढायचे. आता जागतिक बँकेचं कर्ज काढून सांगली-कोल्हापुरात तीन हजार कोटींच्या वर ओतायचे आणि फेडायचे आपल्या नातवंडांनी." आमच्या घरच्या ग्रुपवर सख्ख्या मामांनी ती टाकली आणि खाली पंधरा अंगठे पडले. मग राहवलं नाही.

2005 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 53 फूट 9 इंचांवर गेलं, तेव्हा सगळे म्हणाले, असा पूर आयुष्यात एकदाच. 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, 2021 ला, परत 54 च्या पुढं. धोक्याची पातळी 45 आहे. त्या जुलैत महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. माळ्यावर बसून हे निभत नाही, कारण 2019 ला आमच्या दुकानाचा माळाच पाण्यात होता. मारुती चौकात शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे आमचं. अस्तराचे तागे, रिळं, दोन ओव्हरलॉक मशिनं, सगळं गेलं. मिळालेली मदत चिखल काढण्यात आणि मशिनं दुरुस्त करण्यात संपली. 2021 ला पुन्हा पहिल्यापासून. हा खर्च कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही म्हणून तो झालाच नाही का? कर्ज नातवंडं फेडतील म्हणता, माझा मुलगा आत्ताच फेडतोय.

वारणेचं_पाणी
ताई, तुमच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं, पण पोस्टमधला प्रश्न खोटा नाही. पुराचं पाणी बोगद्यातून भीमेकडं आणि पुढं मराठवाड्याकडं न्यायचं म्हणतात. 1 लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला 1 लाख घनफूट पाणी दिवसभर वाहिलं की साधारण साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट होतं. महापुरात नदी याच्या कितीतरी पट वाहते. बोगदा त्यातलं किती उचलणार? वर्षात दहा दिवस चालणार आणि उरलेले दिवस कुलूप. मराठवाड्याला पाणी द्यायचं असेल तर तसं सांगून द्या. आमच्या पुराच्या नावावर कशाला?

शिरोळचा_शेतकरी
बोगदा राहू द्या बाजूला. मूळ दुखणं खाली कर्नाटकातलं आलमट्टी धरण हाय आणि ते कुणी बोलत नाही. 2019 ला पाऊस थांबून चार दिवस झाले तरी आमच्या शिवारातलं पाणी हलत नव्हतं. नदीला पाणी पुढं सरकायला जागाच नव्हती. माझा चार एकर ऊस आठ दिवस पाण्याखाली. उसाच्या सुरळीत पाणी गेलं की ऊस संपला, वरनं हिरवा दिसतो आणि आतनं कुजतो. दोन म्हशी सोडून द्यायला लागल्या, त्यातली एक परत आली. आलमट्टीनं विसर्ग पाच लाख क्युसेकच्या वर नेला तवा पाणी उतरलं, हे डोळ्यांनी बघितलंय. आता तिची उंची 519 मीटरवरनं 524 वर न्यायला निघालेत. ती थांबवायला एक रुपया लागत नाही.

निवृत्त_अभियंता
31 वर्षं पाण्याच्या कामात घालवली, म्हणून लिहितो. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अभ्यास केला आणि आलमट्टी हे त्या पुराचं कारण नाही, असं 2020 च्या अहवालात स्पष्ट लिहिलं. पाणी हललं नाही कारण नरसोबावाडीच्या संगमावर कृष्णा फुगलेली असते, ती पंचगंगेला आत घेत नाही. शिवाय तिथे नदीला उतार फारच कमी. हे धरण नव्हतं तेव्हाही असंच होतं. प्रत्येक पुरात आलमट्टीचं नाव घेतलं की नदीकाठी बांधकामाला परवानगी देणारे सुटतात. निळ्या रेषेच्या, म्हणजे 25 वर्षांतल्या पुराच्या रेषेच्या आत कॉलन्या उठल्या. त्या काय कर्नाटकानं बांधल्या?

शिरोळचा_शेतकरी
अहवाल तुमच्याच खात्याच्या माणसांनी लिहायचा आणि तुम्हीच तो आम्हाला दाखवायचा. मी छपरावर दोन रात्री काढल्यात. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली तवा समितीतलं कोण होतं तिथं? आणि आलमट्टीचा काही संबंध नाही तर 2025 ला आपलंच सरकार उंची वाढवायला विरोध का करतंय, एवढं सांगा.

निवृत्त_अभियंता
छपरावर बसल्यानं पाण्याचा वेग मोजता येत नाही. तुमचं दुःख खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आज आहे त्या उंचीला पूर येतो का आणि उद्या उंची वाढवल्यावर काय होईल, हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्या प्रश्नावर सरकार विरोध करतंय ते योग्यच.

शिरोळचा_शेतकरी
म्हंजे उद्या धोका हाय, हे मान्य. एवढंच आधी बोलला असता तर बरं झालं असतं.

पुलाची_शिरोली
दोघंही आलमट्टीत अडकलात. पुणे-बंगळूर हायवे बघा. कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पंचगंगेच्या पात्राला आडवा मातीचा भराव टाकलाय, ते धरणच आहे. 2019 ला हायवे किती दिवस बंद होता, माल भरलेल्या ट्रकांची रांग कुठवर गेली होती, आठवा. आता रस्ते आणखी उंच करणार म्हणतात. भराव टाकून उंच केले तर रस्ता कोरडा आणि वरची गावं बुडाली. भरावाच्या जागी कमानी करा, खांबांवर पूल न्या. महाग पडेल, पडू द्या. तिथला खर्च मी डोळे झाकून मान्य करतो, बोगद्याचा नाही.

निवृत्त_अभियंता
भरावाबद्दल बरोबर आहात. आम्ही लेखी कळवलं होतं, ऐकलं गेलं नाही.

शिरोळचा_शेतकरी
भरावाचं मला बी पटतंय. पण आलमट्टीचं मागं घेत नाही.

वारणेचं_पाणी
माझा मुद्दा परत मांडतो, सगळे विसरलेत. पूर वाढले ते अतिक्रमणामुळं, भरावामुळं, धरणं भरून ठेवल्यामुळं. मग यात हवामान बदल आला कुठून? जागतिक बँकेचं कर्ज मिळवायला तो शब्द लागतो म्हणून?

घाटमाथा
पुण्याच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 चा पाऊस तपासला. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्यात, आणि त्यांना ओल पुरवणारा अरबी समुद्र तापतोय. हंगामाचा एकूण पाऊस तेवढा वाढलेला नाही, तो थोड्या दिवसांत पडतोय. धरण चालवणाऱ्याची पंचाईत इथंच होते. 105 टीएमसीचं कोयना पूर्वी ऑगस्टअखेर निवांत भरायचं. आता जुलैत जागा ठेवली आणि पुढं पाऊस गेला तर दुष्काळ, नाही ठेवली तर चार दिवसांत सांगली पाण्यात. अतिक्रमणही खरं आणि हेही खरं. एक मानलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

वारणेचं_पाणी
पाऊस थोड्या दिवसांत पडतोय, हे आम्हालाही दिसतं. ठीक, तेवढं मान्य. पण मग पर्जन्यमापक वाढवा, धरणाचे दरवाजे अंदाज बघून आधी उघडा. त्याला किती लागतात? बोगद्याच्या मानानं किरकोळ. आधी ते करा, मग माझ्याकडं कर्जाची सही मागा.

प्रयाग_चिखली
इतका वेळ गप्प वाचत होते. 1989 च्या पुरानंतर आमच्या गावाला आणि आंबेवाडीला वर सोनतळीला जागा दिली. तरी आम्ही अजून बरेचजण खालीच राहतो. लोक म्हणतात, हे हट्टी, फुकटची मदत घ्यायला बसलेत. माझ्या सासऱ्यांच्या नावावर प्लॉट आला तेव्हा घरात तीन भाऊ एकत्र होते. आज त्या तीन भावांच्या सात चुली आहेत. एका प्लॉटवर सात घरं कशी बांधायची? जनावरं कुठं बांधायची? शेत खाली, धारा पहाटे पाचला. 2019 ला सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं, त्या अख्ख्या वाटेत गोठ्याकडं बघत रडत होत्या. तुम्ही बोगद्याचे, आलमट्टीचे, हायवेचे कोटी मोजताय. आम्हाला वर नीट जागा, गोठा आणि घर बांधायला पैसे द्यायचे म्हटले तर या सगळ्याच्या मानानं किती लागतील, ते कुणी मोजलंय का?

कृष्णाकाठची
वहिनी, मी तरी नव्हतं मोजलं. दुकानाचंच बोलत राहिले.

निवृत्त_अभियंता
सोनतळीच्या वाटपाचे जुने नकाशे मी पाहिलेले आहेत. कुटुंबांची तेव्हाची मोजणी आणि आजची, दोन्ही शेजारी ठेवायला हव्यात. तुमच्या गल्लीत किती चुली आहेत ते लिहून पाठवाल का?

प्रयाग_चिखली
पाठवते. मोठ्या दिरांना विचारून रविवारी.

शिरोळचा_शेतकरी
आमच्या खालच्या गल्लीतल्या बी चुली मोजून देतो. अभियंता साहेब, आलमट्टीवर मात्र आपलं भांडण राहिलंय.