एककोष्ठी मॉडेलमध्ये ऑक्सिजन/लोह गुणोत्तर उतरतच नाही

ध्रुवमत्स्य:
आकाशगंगेच्या तबकडीत मूलद्रव्यं कशी वाढत गेली, याचं बंद एककोष्ठी मॉडेल (सगळा वायू एकाच डब्यात एकजीव धरलेला) लिहिलंय. वायू आत येत नाही, बाहेर जात नाही, आणि तारा जन्मला की त्याची मूलद्रव्यं त्याच क्षणी वायूत मिसळतात. ऑक्सिजन जुळतो. पण ऑक्सिजन/लोह (सूर्याच्या तुलनेत, लॉगमध्ये) +०.४ वरच अडकतं, ते ० पर्यंत यायला हवं. शिवाय कमी धातुतेचे (हेलियमहून जड मूलद्रव्यं कमी असलेले) तारे भरमसाट निघतात. उत्पादनाचे (तारे किती नवी मूलद्रव्यं बनवतात त्याचे) आकडे चुकलेत का?

मृग_आर्द्रा:
आकडे नाही, ‘त्याच क्षणी’ चुकलंय. ऑक्सिजन देणारे तारे ८ सौर वस्तुमानांहून जड. ते साधारण ४ कोटी वर्षांच्या आत फुटतात, म्हणून तिथे हे गृहीतक खपून जातं. लोहाचा मोठा वाटा टाइप १ए सुपरनोव्हांचा, आणि त्यासाठी आधी श्वेत बटू (हलक्या ताऱ्याचा विझलेला गाभा, जो पुढे फुटतो) बनावा लागतो. पहिले स्फोट सुमारे ४ कोटी वर्षांनी, पुढे दर १/काळ असा घटत १० अब्ज वर्षांपर्यंत.

१००० सौर वस्तुमानांचे तारे घ्या. गाभा कोसळून फुटणारे सुमारे १०, प्रत्येकी ०.०७ सौर वस्तुमान लोह (खरं तर निकेल-५६, त्याचं कोबाल्ट होऊन मग लोह): एकूण ०.७. टाइप १ए जेमतेम १.३, पण प्रत्येकी ०.७: म्हणजे ०.९. आता १.६/०.७ चा लॉग काढा: ०.३६. तुमचा ०.४ जवळजवळ सगळा यातच गेला.

टाइम-स्टेप सुरुवातीला १०–२० लाख वर्षांचा ठेवा. १० कोटींचा ठेवलात तर दोन्ही प्रकारचे स्फोट एकाच पायरीत मिसळतात आणि ऑक्सिजन/लोहाचा सुरुवातीचा सपाट भाग पुसला जातो.

रोहिणी४:
दुसरी तक्रार, कमी धातुतेच्या ताऱ्यांची, म्हणजे जुनी जी-बटू (सूर्यासारखे तारे) समस्या. वायू १० टक्के उरताना धातुता सूर्याइतकी धरली, तर सूर्याच्या पाव धातुतेखालचे तारे (१ − ०.१^०.२५)/०.९, म्हणजे ४९ टक्के येतात. सूर्याच्या परिसरात ते काही टक्केच दिसतात. थोड्या वायूपासून सुरुवात करा आणि जवळपास धातुरहित वायू ५–८ अब्ज वर्षांच्या घातांकी काळाने आत सोडा.

मात्र मग उत्पादन पुन्हा जुळवावं लागेल. बंद मॉडेलमध्ये धातुता उत्पादनाच्या २.३ पट होते. वायूचं वस्तुमान स्थिर राहिलं तर ती उत्पादनाइतकीच होऊन थांबते.

मृग_आर्द्रा:
पुढे मॉडेलमध्ये युरोपियम (लोहाहून बरंच जड मूलद्रव्य) घालणार असाल तर सावध. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचं विलीनीकरण दिसल्यानंतर सगळं युरोपियम अशा विलीनीकरणांच्याच खात्यावर टाकण्याचा मोह होतो. पण त्यांनाही १/काळ हाच विलंब दिला, तर युरोपियम/लोह सपाट राहतं. प्रत्यक्षात ते ऑक्सिजनसारखंच उतरतं. विलंब बराच कमी करा, नाहीतर जड ताऱ्यांशी जोडलेला एखादा जलद स्रोत सोबत द्या.