शुद्ध डीपीपीसीचा थर ४६ वरच अडकतो, नेमकं कुठे चुकतंय?

प्रश्न:
लँगमुअर ट्रफवर (पाण्यावरचा रेणूंचा थर सरकत्या पट्टीने, म्हणजे बॅरियरने, दाबायचं उथळ भांडं) शुद्ध डीपीपीसी (फुप्फुसातलं संपृक्त फॉस्फोलिपिड), तापमान ३७ अंश. ट्रफ २०० चौ. सेंमी. बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ, ५ मिलिमोलर ट्रिस, २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७. क्लोरोफॉर्ममधलं १ मिग्रॅ/मिली द्रावण २५ मायक्रोलिटर थेंबाथेंबाने पसरवलं आणि १५ मिनिटांनी दाबायला घेतलं. पृष्ठदाब (थरामुळे पाण्याचा पृष्ठताण जेवढा घटतो तेवढा) ४६ मिलिन्यूटन प्रति मीटरला सपाट होतो, ७० कडे जातच नाही. शिवाय तेच लिपिड बफरमध्ये ढवळून पृष्ठभागाखाली सोडलं, तर तासाभरात दाब जेमतेम हलतो. फुप्फुसात हेच काम काही सेकंदांत होतं. दोन्हींचं कारण एकच आहे का?

प्रतिसाद १:
नाही, कारणं दोन आहेत. आधी ४६ चं पाहू.

मात्रा ठीक आहे. २५ मायक्रोग्रॅम म्हणजे रेणूमागे शंभराच्या किंचित खाली चौरस अँगस्ट्रॉम. घट्ट बसलेल्या रेणूला ४५ च्या आसपास लागतात, तेव्हा बॅरियर निम्म्याच्याही आत यायला हवा.

संशय दोघांवर. पहिला, गळती. दाब वाढला की थर बॅरियरखालून निसटतो किंवा टेफ्लॉनच्या भिंतीवर चढतो. बॅरियरच्या मागच्या स्वच्छ पाण्यात दुसरी विल्हेल्मी प्लेट (पाण्याच्या ओढीवरून पृष्ठताण मोजणारी पातळ पट्टी) टांगा. तिथला पृष्ठदाब शून्यावरून वर सरकला की गळती पक्की. दुसरा, असंपृक्त लिपिडची भेसळ. द्रवरूप फॉस्फोलिपिडचा समतोल दाब ४५-४७ असतो आणि त्यापुढे तो थर मोडून खाली घड्या पडतात, म्हणून नेमक्या ४६ ला थांबणं मला खटकतं. आधी पीओपीसी (एक असंपृक्त लिपिड) भरलेली सिरिंज नीट न धुता वापरली तरी एवढं पुरतं. २३ अंशांवर एकदा चालवून बघा. शुद्ध डीपीपीसीची आडवी पायरी ५ च्या आसपास स्वच्छ दिसायला हवी.

३७ अंशांवर बाष्पीभवनाकडेही लक्ष ठेवा. पातळी उतरली की प्लेटवरचा उत्प्लावक बल घटतो आणि दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

प्रतिसाद २:
खालून सोडलेल्या लिपिडबद्दल. डीपीपीसी ४१ अंशांना वितळतं. ३७ ला त्याच्या दोन्ही संपृक्त शेपट्या ताठ रांगेत असतात. याच ताठपणामुळे दाबलेला थर मोडत नाही आणि पृष्ठताण शून्याजवळ जातो. पण त्याच कारणाने पाण्यातला द्विस्तर (लिपिडचा दुहेरी थर) उलगडून पृष्ठभागावर पसरायला तयार होत नाही. झटपट पसरायला मऊपणा हवा, दाब सोसायला ताठपणा. एकटं लिपिड दोन्ही करू शकत नाही, आणि फुप्फुसातलं मिश्रण मला सर्वांत सुंदर वाटतं ते इथेच.

या मिश्रणाच्या, म्हणजे नैसर्गिक सर्फॅक्टंटच्या, वजनात सुमारे ९० टक्के लिपिड. डीपीपीसी एकूण वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास, बाकी असंपृक्त पीसी (फॉस्फॅटिडिलकोलीन), ऋणभारित पीजी (फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल) आणि थोडं कोलेस्टेरॉल. एसपी-बी आणि एसपी-सी ही प्रथिनं अगदी थोडी, पण त्यांच्याशिवाय पसरणं रखडतं. धनभारित एसपी-बी पीजीला धरतं, द्विस्तर एकमेकांना जोडतं आणि लिपिड पृष्ठभागाकडे पोहोचवतं. श्वास सोडताना बाहेर ढकललेले पदर थराखालीच चिकटून राहतात आणि श्वास घेताना परत पसरतात.

करून बघायचं तर डीपीपीसी, पीओपीसी, पीओपीजी (असंपृक्त पीजी) ५०:२५:१५ वजनाने घ्या, एसपी-बी १-२ टक्के. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये मिसळून वाळवा आणि बफर घालून ४५-५० अंशांवर तासभर हलवत ठेवा. ४१ च्या खाली भिजवलं तर गोळे राहतात. तुमच्या ढवळण्यात हेच झालं असावं.

प्रश्नकर्ता:
मागच्या प्लेटवर १२ दिसलं. गळतीच. मिश्रणात कोलेस्टेरॉल घालावं का?

प्रतिसाद ३:
आधी त्याच्याशिवाय चालवा. नैसर्गिक प्रमाण ५ ते ८ टक्के. तेवढ्याने ताठ भाग थोडे सैल होतात, थर लवकर पसरतो. २० टक्क्यांपर्यंत नेलं की दाबूनही ताण खाली उतरत नाही. अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनांचा मागमूस नको. ती आधी पोहोचून जागा अडवतात.

गळतीवर खरा उपाय कॅप्टिव्ह बबल. वर अगारोजचं छत, त्याखाली हवेचा एक बुडबुडा, कुठेही भिंतीशी संपर्क नाही. चांगलं मिश्रण असेल तर क्षेत्रफळ २०-३० टक्के घटवल्यावर बुडबुडा गोल न राहता छताखाली चपटा पडतो. तेव्हा ताण २ च्या खाली गेलेला असतो. ट्रफवरच राहायचं असेल तर सलग रिबनचा बॅरियर लावा. आणि ३७ अंशांवर पाण्याचा ताणच ७० आहे, त्यामुळे दाब त्याच्या वर दिसला तर आनंदू नका. प्लेट नीट भिजत नाहीये, ती ज्योतीवर तापवून पुन्हा लावा.