मदत हवी आहे: पित्ताशयाच्या कर्करोगात मिर-१४५ कमी, काही गाठींत मिर-१२२ अफाट. हे खरं मानायचं का?

रेणुवेध:
नमस्कार. पित्ताशयाच्या कर्करोगातले मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे छोटे आरएनए, नावं ‘मिर-’ने सुरू होतात) रिअल टाइम पीसीआरने, म्हणजे मात्रा मोजणाऱ्या चाचणीने, मोजतो आहोत. पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेली ऊती) आहेत आणि शस्त्रक्रियेआधीचा प्लाझ्माही. ऊतीत मिर-२१ व मिर-१५५ वाढलेले, मिर-१४३ व मिर-१४५ घटलेले; छापून आलेल्या कामाशी हे जुळतं. पण मिर-१२२ काही गाठींत प्रचंड आणि बाकीच्यांत जवळपास शून्य. प्लाझ्मात यू-६ हा आरएनए संदर्भ (तुलनेचा आधार) धरला, तर त्याच नमुन्याचं उत्तर पीसीआरची प्लेट बदलली की बदलतं. तुलनेसाठी खड्यांमुळे काढलेली पित्ताशयं आहेत. कुठून तपासायला सुरुवात करू?

कापकाच:
पीसीआर तूर्त बाजूला ठेवा, आधी काचेवरचे काप बघा. मिर-१४३ आणि मिर-१४५ प्रामुख्याने अनैच्छिक स्नायू आणि फायब्रोब्लास्ट यांच्यात असतात, अस्तराच्या पेशींत फारच थोडे. खड्यांच्या पित्ताशयाचा अख्खा काप घेतला की भिंतीतला स्नायूंचा थर सोबत येतो. गाठीच्या मधल्या भागात तो जवळजवळ नसतो. म्हणजे एकाही पेशीत काही बदललं नसलं तरी मिर-१४५ ‘कमी’ दिसणार. असे आकडे ट्यूमर सप्रेसर (गाठ रोखणारा रेणू) म्हणून मांडले गेलेले पाहून खरंच वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं.

उपाय साधा आहे. हेमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या कापावर पॅथॉलॉजिस्टकडून गाठीचा भाग आखून घ्या. लगतचे १० मायक्रॉनचे ३-४ काप घेऊन तेवढाच भाग खरवडा. कंट्रोलमध्येही (तुलनेच्या खड्यांच्या पित्ताशयांतही) फक्त श्लेष्मल अस्तर घ्या, पूर्ण भिंत नको. एका लगतच्या कापावर डेस्मिन (स्नायूंचं प्रथिन) रंगवलं तर स्नायू किती आला ते कळतं. शंका उरली तर मिर-१४५ साठी एलएनए प्रोबने (मिर-१४५ ला चिकटणाऱ्या खुणेने) इन सिटू हायब्रिडायझेशन, म्हणजे कापावरच तो रेणू शोधणं, करा. नेमकी कोणती पेशी चमकते ते डोळ्यांनीच दिसेल.

मिर-१२२ हा यकृतपेशींचा मायक्रोआरएनए. यकृताला टेकलेल्या बाजूला पित्ताशयावर सिरोसाचं (बाहेरच्या पातळ पडद्याचं) आवरण नसतं, त्यामुळे गाठ तिथून थेट यकृतात शिरते. तुमचे ‘प्रचंड’ नमुने यकृताकडच्या बाजूचे आहेत का, ते ब्लॉकच्या नोंदीत पाहा. तसं असेल तर मिर-१२२ निष्कर्षातून काढा आणि यकृताची भेसळ ओळखायला वापरा.

थंडनळी:
प्लाझ्माबद्दल. यू-६ तिथे संदर्भ म्हणून चालत नाही. तो केंद्रकातला, शंभरावर न्यूक्लिओटाइड लांबीचा रेणू. प्लाझ्मात थोडाच सापडतो आणि लवकर तुटतो. मिर-१६ ही घेऊ नका, तांबड्या पेशींत तो भरपूर असतो.

रक्त ईडीटीएच्या नळीत होतं ना? हेपॅरिन असेल तर पीसीआर अडतो. सेंट्रिफ्यूज दोनदा हवं: आधी साधारण २,००० जीवर (गुरुत्वाच्या पटीत) १० मिनिटं, वरचा प्लाझ्मा तळ न ढवळता काढून पुन्हा १०,००० ते १६,००० जीवर १० मिनिटं. दुसरी फेरी गाळली तर प्लेटलेट राहतात, आणि गोठवून वितळवताना त्यांच्यातला आरएनए बाहेर पडतो. मग लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा.

हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) प्रत्येक नमुन्यात मोजा. ४१४ नॅनोमीटरला शोषण ०.२ च्या वर गेलं तर सावध व्हा. मिर-२३ए च्या सीक्यूतून (पीसीआरचा चक्र-आकडा; मात्रा जास्त तितका तो कमी) मिर-४५१ए चा सीक्यू वजा करा. फरक ७ पेक्षा जास्त आला तर नमुना बाजूला ठेवा. नुसत्या रंगावर जाऊ नका. कावीळ असलेल्या रुग्णाचा प्लाझ्मा मुळातच पिवळा असतो, त्यात हलकी लाली लपते.

रेणुवेध:
नळ्या ईडीटीएच्याच आहेत. दुसरी फेरी झालेली नाही. कृमीचा कृत्रिम सीईएल-मिर-३९ (मोजणी तपासायला बाहेरून घातलेला आरएनए) आम्ही प्लाझ्मात थेट टाकतो, ते बरोबर आहे का?

थंडनळी:
नाही. प्लाझ्मातले आरनेज (आरएनए तोडणारी विकरं) उघडा कृत्रिम आरएनए काही क्षणांत फोडतात. आधी लायसिस बफर (आरनेज निष्प्रभ करणारा द्राव) घालून मिसळा, ५ मिनिटं थांबा, मग ठरलेल्या प्रमाणात सीईएल-मिर-३९ टाका. त्याने फक्त निष्कर्षणातली घट-वाढ सुधारते, रक्त कसं हाताळलं गेलं ते त्यात येत नाही. म्हणून तुमच्याच नमुन्यांत स्थिर ठरलेले दोन-तीन मायक्रोआरएनए नॉर्मफाइंडर या सॉफ्टवेअरने निवडा. प्लाझ्मातल्या आरएनएचं प्रमाण मोजून समान करायला जाऊ नका, इतक्या कमी मात्रेत तो आकडा भरवशाचा नसतो. प्रत्येक वेळी समान आकारमान घ्या, २०० मायक्रोलिटर पुरतं.

अडथळा आहे का ते पाहायला सीडीएनए (आरएनएपासून बनवलेली डीएनए प्रत) पाचपट पातळ करा. सीक्यू साधारण २.३ ने वाढायला हवा. कमी वाढला तर काहीतरी पीसीआर अडवतं आहे. पित्ताचे नमुने घेतलेत तर ही चाचणी टाळूच नका, पित्तक्षार हमखास त्रास देतात. आधीच गोठवलेले नमुने आता पुन्हा सेंट्रिफ्यूज करून फायदा नाही. प्लेटलेट आधीच फुटलेल्या असतात.

कापकाच:
कंट्रोलबद्दल एक राहिलं. मिर-२१ आणि मिर-१५५ दाहातही वाढतात. खड्यांच्या पित्ताशयात दाह कमी-जास्त असतो, तेव्हा त्या गटाची सूज पॅथॉलॉजिस्टकडून श्रेणीत नोंदवून घ्या. झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिसचे (पित्ताशयाच्या एका जुनाट दाहाचे) काही ब्लॉक मिळाले तर जरूर जोडा. स्कॅनवर तो कर्करोगासारखाच दिसतो, त्यामुळे खरा प्रश्न तिथेच सुटतो. प्लाझ्मात बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं रंगद्रव्य) आणि एएलटी (यकृताच्या इजेची खूण) सोबत नोंदवा. कावीळ नुसत्या कर्करोग गटात असेल, तर तुमचा ‘निदानाचा’ मायक्रोआरएनए यकृताची इजा मोजत असेल. कावीळ झालेले पण कर्करोग नसलेले, म्हणजे पित्तनलिकेत खडा अडकलेले रुग्ण तुलनेला घ्या.

रेणुवेध:
ब्लॉकच्या नोंदी काढतो. प्लाझ्मा नव्याने, दोन फेऱ्यांनी गोळा करू. डेस्मिन आणि मिर-१४५ चं एकाच ब्लॉकवरचं चित्र तयार झालं की इथेच टाकतो.