हायस्कूलचं विज्ञान मंडळ रजिस्टरमधनं बाहेर कसं काढायचं?

गणितविज्ञान_मॅडम

नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते, नोकरीचं दुसरंच वर्ष आहे. शाळा पाचवी ते दहावी, पटावर तीनशेच्या आसपास पोरं. यंदा मुख्याध्यापक सरांनी विज्ञान मंडळ माझ्याकडे दिलं आणि सोबत जुनं रजिस्टर दिलं. ते मी घरी नेऊन सगळं वाचलं. दर वर्षी जूनमध्ये कार्यकारिणीची निवड, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन उत्साहात साजरा, आणि मधल्या आठ महिन्यांत काहीच नाही. वाक्यंसुद्धा तीच, फक्त साल बदललेलं. वाङ्मय मंडळ, हरित सेना, सगळ्या रजिस्टरांचं तेच आहे. आधीच्या सरांना मी नावं ठेवत नाही, बीएलओची (मतदार यादीच्या कामाची) ड्युटी, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब ह्यातनं माणसाला वेळ मिळतो कुठं ते मी आता स्वतः बघतेय.

पण झालं काय की परवा आठवीत नावं मागितली तर चाळीस हात वर आले, आणि एक मुलगी उभी राहून म्हणाली, मॅडम, मंडळात गेल्यावर नेमकं करायचं काय असतं? मला उत्तर देता आलं नाही. तिनं मनापासून विचारलं होतं आणि मी "सांगते नंतर" म्हणून पुढं गेले, तेव्हापासून ते डोक्यात आहे.

अडचणी सांगते. पैसे नाहीत. शाळा सुटल्यावर थांबवता येत नाही कारण निम्म्या मुली मानव विकासच्या, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी योजनेतल्या बसनं येतात, बस गेली की पाच-सहा किलोमीटर चालत. मिळतील ते शनिवारचे शेवटचे दोन तास, सकाळची शाळा असते तेव्हा. लॅब आहे पण कपाटाला कुलूप आणि आत काय आहे ते कुणाला नीट माहीत नाही. तुमच्या शाळेत असं काही खरंच वर्षभर चाललंय का, आणि कशावर चाललं? मोठमोठ्या शाळांचे व्हिडिओ बघून झालेत, त्याचा उपयोग होत नाही.

---

माणदेशी_मास्तर

मॅडम, आधी तुमचं अभिनंदन, रजिस्टर घरी नेऊन वाचणारं कुणी असतं हेच मोठं आहे. मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. माझं म्हणणं एकच, वर्षाचे बारा उपक्रम ठरवू नका, एकच काम धरा आणि ते रोज होईल असं बघा. रोज होणारं काम पोरं सोडत नाहीत, महिन्यातनं एकदा होणारं तिसऱ्या महिन्यात बंद पडतं.

आमच्याकडे ते काम म्हणजे पाऊस मोजणं. २००३ च्या दुष्काळात आमच्या माण-खटावात छावण्या आणि टँकर ह्याशिवाय दुसरा विषय नव्हता, तेव्हा पोरांनीच विचारलं की सर, पाऊस कमी कमी म्हणतात तो मोजतात कसा. मग केला पर्जन्यमापक. कोल्ड्रिंकची दोन लिटरची सरळ बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो म्हणून खाली बारीक खडे टाकून सरळ भाग लागेपर्यंत पाणी भरायचं, तिथं शून्याची खूण, आणि बाहेरनं पट्टी चिकटवायची. उन्हानं ते खालचं पाणी उतरतं, म्हणून रोज मोजून झालं की परत शून्यावर आणायचं, हे विसरलं की दुसऱ्या दिवशीचा आकडा चुकतो. बाटली मोकळ्यावर ठेवा, जवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. सरकारी पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर असतं, आपणही तेवढंच धरायचं, विटांमध्ये बसवायची म्हणजे वाऱ्यानं पडत नाही. आणि मोजायचं सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही साडेआठलाच मोजतं, वेळ बदलली की तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी लावून बघता येत नाही.

गणित तर त्यात ठासून भरलंय. समजा भांड्याच्या तोंडाचा व्यास १० सेंटीमीटर, मग क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ७.८५ मिलीलिटर पाणी जमतं. लॅबच्या कपाटात मोजपात्र नक्की सापडेल, पट्टीवरचा आकडा आणि मोजपात्रातलं पाणी जुळतंय का ते पोरांना बघू द्या. १ मिलिमीटर म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर, आणि एकरावर चार हजार लिटरच्या वर. हे एकदा फळ्यावर मांडलं तेव्हा पोरांनी शेजारच्याच्या विहिरीपर्यंत हिशोब नेला.

आता खरी गोष्ट. आम्ही शाळेच्या गेटबाहेर एक जुना फळा लावला आणि त्यावर रोजचा आकडा आणि एक जूनपासूनची बेरीज लिहायला लागलो. पहिले आठ दिवस कुणी बघितलं नाही. मग शेतावर जाणारे लोक सायकल थांबवून वाचायला लागले. एकदा आकडा लिहिणारा पोरगा तापानं घरी राहिला आणि फळ्यावर कालचाच आकडा राहिला, तर एक शेतकरी ऑफिसात येऊन मला म्हणाले, मास्तर आज किती झाला ते का नाही लिहिलं, मला पेरायचं का थांबायचं ते ठरवायचंय. त्या दिवसापासून आमच्या मंडळाचा एकही दिवस चुकला नाही.

तुमच्या बीडला तर हे फार कामाचं आहे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, पण मंडळात गावं किती असतात आणि मापक एकाच ठिकाणी. तुमच्या बाटलीच्या आकड्याला सरकारदरबारी किंमत नाही हे पोरांना आधीच सांगा, पण एका गावात ढग फुटतो आणि शेजारच्या गावात फुफाटा उडतो हे त्यांना स्वतःच्या आकड्यातनं दिसेल.

---

तीन_पोरांची_आई

मॅडम मी पालक म्हणून सांगते, शनिवारच्या शाळेच्या वेळातच घ्या, प्लीज. माझी मोठी मुलगी खो-खोत चांगली होती, जिल्ह्यापर्यंत गेली, पण सराव साडेपाचनंतर असायचा आणि मुलीला अंधारात एकटं कसं आणायचं म्हणून नववीत तिला काढावं लागलं. पास फुकट आहे, बस पण आहे, पण बस एकदाच असते ना. तिला काढलं तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही आणि ते मला अजून टोचतं. मुलींचं जे काही आहे ते शाळेच्या तासात बसवलं तरच मुली टिकतात, त्यांच्या आवडीचा प्रश्न नसतोच, प्रश्न परत घरी यायचा असतो.

आणि दहावीच्या पालकांचं फार मनावर घेऊ नका. दहावीला सोडून पाचवी ते नववीचंच मंडळ करा, कुणी भांडायला येणार नाही.

---

ताम्हण

मास्तरांचं पाऊस मोजायचं फारच आवडलं. मी माझ्या बाजूनं एक सांगते, मी शिक्षिका नाही, रत्नागिरीकडच्या एका हायस्कूलची माजी विद्यार्थिनी आहे आणि आता हॉस्पिटलमध्ये नर्स आहे.

अध्यक्ष म्हणून पहिला नंबर नका घेऊ. मी वर्गात पस्तिसावी-चाळिसावी असायची, बाई काही विचारतील म्हणून खाली बघून बसायची. सातवीत आमच्या बाईंनी मला भित्तिपत्रकाचं काम दिलं कारण अक्षर बरं होतं, एवढंच. जिन्याखाली काचेची पेटी होती, तिला छोटं पितळी कुलूप, आणि त्याची चावी माझ्याकडे. दर सोमवारी जुने कागद काढायचे, नवे लावायचे, टाचण्या मोजून डबीत ठेवायच्या. ती चावी मी दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवायची आणि तासाला दोनदा हात लावून बघायची. दहावीची पोरं येऊन मला, सातवीतल्या मुलीला, विचारायची की आमची कविता ह्या सोमवारी लागेल का. मी बोलायला शिकले ती तिथं. आज पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना माझा आवाज कापत नाही, त्याचं मूळ त्या पेटीत आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून म्हणते मॅडम, कपाटाला कुलूप आहे म्हणालात ना, ती चावी पोरांना द्या. एक दुपार बसून आत काय काय आहे त्याची यादी त्यांनाच करू दे, फक्त आम्लं आणि स्पिरिट आधी तुम्ही स्वतः बाजूला काढून ठेवा.

पक्ष्यांचं पण करता येईल. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, दोघंही पक्ष्यांचे मोठे अभ्यासक. पण दिवाळीच्या सुट्टीत सापडतो बऱ्याचदा, तेव्हा सप्ताहाची वाट न बघता शाळेतलंच एक झाड धरायचं आणि वर्षभर त्यावर कोण येतं ते लिहायचं. दुर्बीण नसली तरी चालतं, आमच्याकडे नव्हती.

---

कवायत_मैदान

काही लोक सांगतील की एनसीसी घ्या, म्हणून आधीच लिहितो. एनसीसी चांगलीच आहे, १९४८ पासून चाललेली शिस्तीची गोष्ट, आठवी-नववी दोन वर्षं केली की ए सर्टिफिकेटची परीक्षा देता येते. पण मागितली की मिळते असं नाही, बटालियनची मंजुरी लागते, जागा ठरलेल्या असतात, आणि एका शिक्षकाला ट्रेनिंगला जावं लागतं, पुरुष असतील तर नागपूरजवळ कामठीला, महिलांना ग्वाल्हेरला. तेव्हा अर्ज करून ठेवा पण त्याच्यासाठी थांबू नका. स्काऊट गाईड त्या मानानं लवकर सुरू होतं.

---

सायन्स_आणि_स्पर्धा

मॅडम इन्स्पायर अवॉर्ड मानकला, म्हणजे मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेला, नावं नक्की भरा, शाळेकडून पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झाली तर मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये येतात प्रोजेक्टसाठी. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते, लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. ध्येय समोर असलं की मुलं झटून काम करतात. मुख्याध्यापकांनाही दाखवायला काहीतरी हातात येतं.

---

ताम्हण

@सायन्स_आणि_स्पर्धा, पाच कल्पना जातात, मग उरलेली पस्तीस मुलं काय करणार त्या महिन्यात? आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन आलं की सगळं मंडळ दोन हुशार मुलांच्या मॉडेलला थर्माकोल कापत बसायचं. स्पर्धा वाईट म्हणत नाही, पण सुरुवात तिथनं करू नका.

---

माणदेशी_मास्तर

ताईंचं बरोबर आहे. वर्षभराच्या नोंदी असल्या की इन्स्पायरची कल्पना त्यातनंच निघते, उलटं होत नाही. आमच्या एका मुलीनं नोंदी बघून विचारलं होतं की गेटजवळच्या आणि टेकडीवरच्या बाटलीत रोज फरक का येतो. असा प्रश्न आपण बसून सुचवायचा म्हटलं तर सुचत नाही.

---

नववी_ब

मी नववीत आहे, सोलापूर जिल्हा. आमच्या शाळेत दर शनिवारी मंडळाचा तास आहे पण त्या तासाला सर गणित घेतात कारण सिलॅबस मागं आहे. आम्हाला गणित नको असं नाही पण तो एकच तास होता ज्यात आम्ही गोल करून बसायचो. मॅडम तुम्ही तो तास कुणाला देऊ नका एवढंच सांगायचं होतं. आणि आकडे आम्हाला लिहू द्या, चुकले तरी खोडून परत लिहू, तुम्ही लिहू नका.

---

गणितविज्ञान_मॅडम

सगळ्यांचे खूप आभार, उशीर झाला लिहायला. तीन आठवड्यांत काय झालं ते सांगते.

शनिवारचे शेवटचे दोन तास मुख्याध्यापक सरांनी लिहून दिले, दहावी सोडून. पहिल्या शनिवारी कपाट उघडलं. चावी ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता तिच्याकडेच दिली. आम्लं आणि स्पिरिटच्या बाटल्या मी आधी काढून घेतल्या होत्या, बाकी सगळं मुलांनी टेबलावर मांडलं. तीन मोजपात्रं निघाली त्यातलं एक फुटकं, एक सूक्ष्मदर्शक निघाला ज्याचा आरसा नीट आहे, आणि चुंबकसूचीचा एक पूर्ण खोका वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कुणी कधी सोडलेलाच नव्हता. यादी झाली, एकशे सदतीस वस्तू, सातवीच्या एका मुलानं दोनदा मोजल्या.

दुसऱ्या शनिवारी बाटली बसवली, ध्वजस्तंभाच्या मागं, मोकळं आहे तिथं. साडेआठचा प्रश्न मोठा होता कारण इतर दिवशी आपली शाळा साडेदहाला. गावातल्याच सहा मुलांनी वार वाटून घेतले, मी काही बोललेच नाही त्यात. @नववी_ब, तुझं वाचून दाखवलं वर्गात, आकडा मुलंच लिहितात. पहिले सहा दिवस शून्य, शून्य, शून्य. मला वाटलं आता कंटाळतील, पण त्यांनी शून्यसुद्धा मोठ्या अक्षरात लिहिलं.

बुधवारी रात्री पाऊस आला. गुरुवारी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेले तर गेटवर पाच जणं होती, वार एकाचाच असून. पट्टीवर ११ आणि १२ च्या मधे पाणी होतं आणि त्यावरनं जोरात वाद चाललेला, शेवटी मोजपात्र आणून ठरवलं, ११.५. फळ्यावर लिहिलं तेव्हा दूध घालायला चाललेले एक आजोबा थांबले आणि विचारलं, हे रोज लिहिणार का? पोरं एकदम हो म्हणाली.

आता रविवार राहिलाय. रविवारी गेट बंद असतं. शिपाई मामा म्हणाले की ते सकाळी गाय सोडायला तिकडनंच जातात, ते उघडून देतील, पण मापायला कुणीतरी पाहिजे. वस्तीवरच्या दोघी बहिणी तयार आहेत, त्यांच्या आईला विचारायला मी उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार आहे.